उष्णतेची मोट आणि तिचा खर्च

मंडळी, पाणी उताराकडे आपोआप वाहतं. ते विहिरीतून वर काढायचं तर मोट हवी, बैल हवेत, नाही तर विजेचा पंप हवा. उष्णतेचा स्वभावही असाच आहे. ऊन वस्तूकडून थंड वस्तूकडे ती आपण होऊन जाते. उलट न्यायची तर यंत्राचे बळ लावावे लागते. शीतकपाट हेच करते. आतल्या अन्नातली उष्णता ओढून ते बाहेर टाकते. आता कल्पना करा, की त्याची थंड बाजू अंगणात आहे आणि गरम बाजू घरात. झाला उष्णता-पंप! बाहेर बर्फ पडत असला तरी हवेत, जमिनीत, नदीच्या पाण्यात उष्णता असतेच. ती गोळा करून घरात आणायची. एक युनिट वीज खर्चली, की घरात सुमारे तीन युनिट उष्णता मिळते. त्यातली दोन बाहेरून फुकट आलेली असतात.

मग थंड देशांत हे यंत्र घरोघरी पोचायला इतका उशीर का झाला? त्याचे उत्तर बरेचसे पैशाच्या हिशेबात सापडते.

१८५२ साली ग्लासगोचे प्राध्यापक विल्यम टॉमसन, म्हणजेच पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी एक गोष्ट दाखवून दिली. कोळसा शेगडीत जाळण्यापेक्षा त्याच कोळशावर इंजिन चालवून बाहेरची उष्णता आत आणली, तर कोळसा कमी लागेल. गणित बरोबर होते. पण ब्रिटनमध्ये कोळसा मुबलक, शेगडी स्वस्त आणि यंत्र महाग. मग ते घेणार कोण? पुढे १९२० च्या दशकात हॉल्डेन नावाच्या इंजिनियरने स्वतःच्या घरी प्रयोग केले आणि १९३० साली ते छापले. तरी गाडी फारशी पुढे सरकली नाही.

खरी संधी मिळाली ती कोळसा नसलेल्या देशाला. स्वित्झर्लंडमध्ये कोळसा बाहेरून येई. वीज मात्र डोंगरातल्या पाण्यावर घरचीच. झुरिचचे नगरभवन लिम्मात नदीच्या काठी आहे. १९३८ साली तिथे नदीच्या पाण्यातून उष्णता घेणारा पंप बसला आणि तो २००१ पर्यंत, म्हणजे त्रेसष्ट वर्षे, चालला. पहिला खर्च मोठा खरा, पण तो किती हिवाळ्यांवर वाटला गेला पाहा! १९४५ साली इंग्लंडमधल्या नॉर्विच शहरात जॉन समनर यांनी युद्धकाळच्या टंचाईत जुनेपाने भाग जमवून असाच पंप उभा केला. १९७३ साली तेलाचे भाव भडकले, तेव्हा कुठे अनेक देशांना या यंत्राची निकड पटली.

स्वीडनचे उदाहरण शिक्षकांनी वर्गात सांगण्याजोगे आहे. तेथील सरकारने १९९० च्या दशकात अधिक चांगले आणि अधिक स्वस्त पंप बनवण्याची कारखानदारांमध्ये स्पर्धा लावली. १९९१ पासून तेल-कोळशाच्या धुरावर कर बसवला. आज तिथल्या निम्म्याहून अधिक स्वतंत्र घरांत उष्णता-पंप आहे.

ब्रिटनमध्ये मात्र अजून ओढाताण आहे. हवेतून उष्णता घेणारा पंप बसवायला साधारण दहा ते पंधरा हजार पौंड लागतात. वायूवर चालणारा बंब त्याच्या कितीतरी कमी किमतीत येतो. हा पैसा एकट्या यंत्राचा नव्हे, बरं का. गरम पाण्याची टाकी, मोठे रेडिएटर, नळ, वायरी आणि जाणत्या कारागिराची मजुरी, सगळे त्यात आले. जमिनीतली उष्णता घ्यायची तर खोदाई आणखी वेगळी. म्हणून इंग्लंड आणि वेल्ससाठी सरकारने २०२२ साली पाच हजार पौंडांचे अनुदान सुरू केले आणि २०२३ च्या ऑक्टोबरात ते साडेसात हजार केले.

तरी एक अडचण उरतेच. तिथे अलीकडे विजेचे युनिट वायूच्या युनिटाच्या जवळजवळ चौपट महाग राहिले आहे. शिक्षकांनो, मुलांना हा हिशेब घाला: उष्णता तिप्पट, पण दर चौपट, मग बचत किती? उत्तर आले, की यंत्राइतकाच विजेचा दरही का महत्त्वाचा, हे मुलांना वेगळे सांगावे लागणार नाही.

आपल्याकडे घर तापवायची गरज क्वचितच पडते. पण हे कोडे आपल्या ओळखीचे आहे. विहीर खणायचा पैसा एकदम द्यावा लागतो आणि पाण्याचा लाभ वर्षानुवर्षे थोडाथोडा येतो. ज्याच्या गाठी रोकड आहे, तो विहीर खणतो आणि पुढे सुखाने राहतो. ज्याच्याजवळ ती नाही, तो दरसाल जास्तच मोजत बसतो. थंडीच्या देशातही ज्याच्या घराच्या भिंतींतून वारा शिरतो, त्याचेच सरपण जास्त जळते, आणि नवे यंत्र घ्यायला पैसा नसतो तोही त्यालाच. शोध लागून सुमारे पावणेदोनशे वर्षे झाली. तो त्याच्या दारापर्यंत न्यायचा, तर पहिल्या दिवसाचा भार वाटून घ्यायला कोणीतरी खांदा द्यावा लागतो.