ग्रंथाविना ईश्वर कळतो का? १९व्या शतकातील पुण्याचा एक वाद

पुण्याच्या सुधारणेचा इतिहास आपण बहुधा संमतिवय, विधवाविवाह आणि स्त्रीशिक्षण यांच्या वादांतून वाचतो. त्याच मंडळींमध्ये त्याच वर्षांत आणखी एक वाद चालू होता. धर्मग्रंथ बाजूला ठेवला, तर केवळ सृष्टीकडे पाहून आणि स्वतःच्या सद्सद्विवेकबुद्धीला विचारून माणसाला ईश्वर कळतो का? हा धागा त्या वादाविषयी.

ख्रिस्ती परंपरेचे जुने उत्तर असे: कळतो, पण पुरता नाही. संत पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात दोन साक्षी सांगितल्या आहेत. एक, निर्माण केलेल्या सृष्टीतून दिसणारे निर्मात्याचे सामर्थ्य. दुसरी, ज्यांच्याकडे नियमशास्त्र नाही त्यांच्याही अंतःकरणावर कोरलेला नीतिनियम. पुढे पंथांची मते यावर वेगळी झाली. कॅल्व्हिनच्या मते पापाने माणसाची दृष्टी मंदावली आहे. सृष्टीचे पुस्तक समोर उघडे असले तरी ते वाचायला बायबलचा चश्मा लागतो. उलट रोममधील व्हॅटिकन परिषदेने १८७० मध्ये जाहीर केले की नैसर्गिक बुद्धीच्या प्रकाशात ईश्वराचे अस्तित्व निश्चितपणे जाणता येते.

योगायोग असा की त्याच १८७० मध्ये पुण्यात प्रार्थना समाज स्थापन झाला. ईश्वर एक आहे, तो अवतार घेत नाही आणि कोणताही ग्रंथ साक्षात ईश्वरप्रणीत नाही, ही समाजाची भूमिका. न्यायमूर्ती रानड्यांसारख्या सभासदांना सृष्टी आणि अंतःकरण या दोन साक्षी पुरेशा वाटत. म्हणजे ख्रिस्ती धर्मशास्त्राने ज्याला केवळ उंबरठा मानले, तेच यांचे देवघर झाले.

या भूमिकेला सर्वांत कठोर आव्हान दिले ते एका कोकणस्थ ब्राह्मणाने. नीलकंठशास्त्री गोरे यांचा जन्म १८२५चा, वाढ काशीतली. मिशनऱ्यांचे खंडन करण्यासाठी त्यांनी बायबल हाती घेतले आणि १८४८ मध्ये स्वतःच बाप्तिस्मा घेऊन ते नेहेम्या गोरे झाले. 'षड्दर्शनदर्पण' या ग्रंथात त्यांनी सहाही दर्शनांची तर्काने चिकित्सा केली. सत्तरीच्या दशकात मुंबई-पुण्याच्या एकेश्वरवाद्यांपुढे त्यांनी आपले म्हणणे मांडले, ते १८७५ मध्ये चार व्याख्यानांच्या रूपाने छापले गेले.

त्यांचा युक्तिवाद थोडक्यात असा. ज्याला तुम्ही अंतःकरणाची उपजत साक्ष म्हणता, ती खरोखर उपजत असती तर कपिल, कणाद आणि शंकराचार्य यांना ती का मिळाली नाही? सृष्टी तीच होती आणि बुद्धी तर असामान्य होती. तरीही कोणी अनादी प्रकृती मानली, कोणी अनादी परमाणू. शून्यातून जग निर्माण करणारा पवित्र, दयाळू पिता कोणाला सापडला नाही. तेव्हा तुमचा हा ईश्वर बायबलमधूनच आला आहे. तुम्ही फक्त त्याचा पत्ता पुसून टाकला आहे.

घाव वर्मी होता. इंग्रजी शिक्षणातून आलेल्या ख्रिस्ती विचारांचा समाजावरील प्रभाव नाकारणे अवघडच होते. मात्र तुकोबा-नामदेवांच्या अभंगांतून समाजाला मिळालेल्या दयाळू ईश्वराचा हिशेब शास्त्रीबोवांच्या या युक्तिवादात नीट लागत नाही, हेही नोंदवले पाहिजे. दर्शनांना प्रश्न विचारून भक्तिपरंपरेचे उत्तर मिळत नाही.

जोतीराव फुल्यांनी तिसरीच वाट धरली. स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले आणि टॉमस पेन वाचलेले जोतीराव 'निर्मिक' मानत होते. त्यांच्या लेखी सूर्य सर्वांना सारखाच प्रकाश देतो, यातच निर्मिकाची समता उघड होते. कोणत्याही एका ग्रंथात संपूर्ण सत्य नाही. पक्षाघातानंतर डाव्या हाताने लिहिलेले त्यांचे 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' मृत्यूनंतर, १८९१ मध्ये प्रसिद्ध झाले.

हा सगळा वाद एका व्यक्तीच्या आयुष्यात मात्र प्रत्यक्ष जगला गेला. १८८२ मध्ये पंडिता रमाबाई पुण्यात आल्या, तेव्हा त्यांचा वावर प्रार्थना समाजाच्या मंडळींत होता. फादर गोऱ्यांशीही त्यांची ओळख झाली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. शास्त्रीबोवा जिंकले, असे कोणालाही वाटावे.

पण त्यानंतरचा पत्रव्यवहार वेगळेच सांगतो. त्रैक्याचा सिद्धान्त, ख्रिस्ताचे देवत्व, चर्चची सत्ता यांवर रमाबाई सिस्टर जेराल्डिन आणि डोरोथिया बील यांच्याशी भांडत राहिल्या. चर्च सांगते म्हणून मानायचे, हे त्यांना मान्य नव्हते. मोठ्या कष्टाने एका पुरोहितवर्गाचे जू मानेवरून उतरवले आहे, आता दुसऱ्याचे घेणार नाही. ईश्वराने आपल्यालाही सद्सद्विवेकबुद्धी दिली आहे, असा त्यांचा आशय. एका विधवेने, परक्या देशात, ज्यांच्या आश्रयाला होती त्यांनाच हे लिहिले.

ग्रंथ मात्र त्यांनी सोडला नाही. उतारवयात केडगावच्या मुक्ति मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी संपूर्ण बायबल मराठीत आणायला घेतले. एप्रिल १९२२ मध्ये त्या वारल्या, त्याच्या थोडे आधी ते काम पुरे झाले होते.