टर्म की आजीवन? विमा घेताना आधी आपल्या घराचा हिशेब

आगाशी, बोळींज, अर्नाळा भागातले आपले अनेक तरुण सकाळी विरार स्टेशन गाठतात आणि लोकलने कंत्राटी नोकरीवर जातात. बऱ्याच घरांत कमावणारा एकच आणि कर्जही त्याच्याच नावावर. अशा घरी ओळखीचा एजंट येतो आणि ‘पैसे बुडत नाहीत’ म्हणत आजीवन पॉलिसी गळ्यात मारतो. टर्मचे नाव सहसा निघत नाही. कमिशन हप्त्याच्या टक्क्यांत मिळते आणि टर्मचा हप्ता लहान असतो.

बाबासाहेबांनी विम्याला श्रीमंतांची चैन मानले नाही. १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये विमा ही शासनाची मक्तेदारी असावी आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाला वेतनाच्या प्रमाणात आयुर्विमा सक्तीचा करावा, अशी तरतूद त्यांनी सुचवली. १९५६ मध्ये राष्ट्रीयीकरण होऊन एलआयसी आली. सक्ती आली नाही, त्यामुळे निवड आपल्याच हाती राहिली.

यात ‘वेतनाच्या प्रमाणात’ हे शब्द आम्हाला महत्त्वाचे वाटतात. वर्षाला तीन लाख कमावणारा गेला, तर दोन लाखांच्या पॉलिसीवर घर किती महिने चालेल? कर्ज वगळून वार्षिक उत्पन्नाच्या किमान दहापट रक्कम हवी, असा साधा हिशेब धरतात. तिशीतल्या, तंबाखू न खाणाऱ्या तरुणाला पन्नास लाखांचा टर्म विमा साधारणपणे वर्षाला दहा हजारांच्या आत मिळतो. तेवढ्याच हप्त्यात आजीवन पॉलिसीत दोन-तीन लाखांच्या पुढे जाणे अवघड. टर्मची मुदत संपल्यावर काहीच परत मिळत नाही, हे खरे. पण घराचा कर्ता जिवंत आहे, मुले हाताशी आली आहेत. मग विम्याची गरजही संपलेली असते.

आजीवन विमा निरुपयोगी आहे असे नाही. एलआयसीच्या ‘जीवन उमंग’मध्ये शंभर वर्षे वयापर्यंत संरक्षण असते आणि हप्ते संपल्यावर दरवर्षी मूळ विमा रकमेच्या ८ टक्के मिळतात. आयुष्यभर आधार लागेल असे दिव्यांग मूल घरात असेल, तर त्याचा विचार जरूर करावा. मात्र हप्ते मध्येच थांबले तर सुरुवातीच्या वर्षांत भरलेल्यापेक्षा बरेच कमी हाती येते. ज्याची नोकरी दर अकरा महिन्यांनी टांगणीला लागते, त्याने ही जोखीम आधी मोजावी.

पगाराची पावती किंवा आयकर विवरण नसले की मोठा टर्म विमा नाकारला जातो, ही आपल्या लोकांची खरी अडचण. त्यासाठी २०२१ पासून सर्व आयुर्विमा कंपन्यांना ‘सरल जीवन बीमा’ हा एकसारखा टर्म विमा ठेवावा लागतो. तो ५ ते २५ लाखांचा असून शिक्षण किंवा व्यवसायाची अट नाही. पहिले ४५ दिवस मात्र फक्त अपघाती मृत्यूला संरक्षण. घरकाम किंवा वाडीत मजुरी करणाऱ्या भगिनींसाठी प्रधानमंत्री जीवन ज्योती योजना आहे: १८ ते ५० वयात बँक खात्यातून वर्षाला ४३६ रुपये, संरक्षण २ लाख. ३१ मेच्या सुमारास खात्यात पैसे नसले की विमा तुटतो, हे लक्षात असू द्या.

अर्ज एजंटला भरू देऊ नका. गुटखा, मधुमेह, जुने ऑपरेशन, सगळे खरे लिहा. पॉलिसीला तीन वर्षे होईपर्यंत कंपनी लपवाछपवीवरून दावा नाकारू शकते. त्यानंतर विमा कायद्याच्या कलम ४५ नुसार नाही. डोक्यावर कर्ज असलेल्या विवाहित पुरुषाने पॉलिसी घेतानाच १८७४ च्या विवाहित स्त्री मालमत्ता कायद्याखाली नोंद मागावी, म्हणजे ती रक्कम सावकाराच्या हाती न जाता पत्नी-मुलांनाच मिळते.