गोदीचा पाया घाटमाथ्यावर

मुंबईच्या गोदीचा इतिहास आपल्याकडे एका ठरावीक चालीवर सांगितला जातो. वाडियांनी मलबारी सागवानातून इंग्रजी आरमारासाठी एकाहून एक सरस जहाजे बांधली. 1813 साली ‘कॉर्नवॉलिस’ पाण्यात उतरली, 1817 साली ‘त्रिंकोमाली’, आणि ती तर आजही इंग्लंडात हार्टलपूलला उभी आहे. मग हे कसब इंग्रजांच्या डोळ्यांत खुपले, त्यांनी ते मारले, आणि 1968 साली माझगावला ‘निलगिरी’चे जलावतरण झाले तेव्हा तुटलेला धागा पुन्हा जुळला. या कथेत सातारा-सांगलीला जागा नाही. असणार तरी कशी? कऱ्हाडकराला समुद्र भेटायचा तो कुंभार्ली घाट उतरल्यावर.

कथा ऐकायला गोड आहे, पण तिच्यात लोखंड नाही.

1829 सालचे ‘ह्यू लिंडसे’ घ्या. मुंबईत वाडियांनीच बांधलेली ही आगबोट. सांगाडा इथला, सुतार इथले, लाकूड इथले. इंजिने मात्र इंग्लंडहून आणलेली. म्हणजे वाडियांचा सूर्य माथ्यावर असतानाच जहाजाचे काळीज परदेशी झाले होते. यात कारागिराच्या बुद्धीचा दोष नव्हता. अर्देसर कर्सेटजी वाडिया यांना वाफेच्या यंत्रांतील अधिकारामुळेच 1841 साली रॉयल सोसायटीने आपले सभासद करून घेतले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. पण एक अर्देसर म्हणजे भट्ट्या, ओतशाळा आणि लेथ चालवणाऱ्या शेकडो हातांचा मुलूख नव्हे. लाकडाच्या जहाजाला जंगल आणि खाडी पुरत असे. पोलादी युद्धनौकेला पाठीशी कारखानदारीचा प्रदेश लागतो, आणि मुंबईच्या पाठीशी तो नव्हता.

इंग्लंडातले बॅरो पाहा. समुद्र तिथे युगानुयुगे होता, तरी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत ते खेडेच होते. जवळच लोहखनिज सापडले, रेल्वे आली, पोलादाचा कारखाना उभा राहिला आणि मग, 1870 नंतर, जहाजांची गोदी आली. याच गोदीत व्हिकर्स कंपनीने जपानसाठी ‘कोंगो’ ही युद्धनौका बांधली. 1912 साली तिचे जलावतरण झाले. जपानी अभियंते तिथे शिकले आणि तिच्या तिन्ही बहिणी योकोसुका, कोबे आणि नागासाकी इथे बांधल्या गेल्या. जपान्यांना हे साधले, कारण यावाताचा पोलाद कारखाना 1901 पासून चालू होता. त्याच 1912 साली साकचीला टाटांच्या भट्टीतून पहिले पोलाद निघाले. मुंबईची गोदी त्या काळात मुख्यतः दुरुस्तीचे काम करत होती. रॉयल इंडियन मरीनची ‘हिंदुस्थान’ ही नौका 1930 साली आली ती टाईन नदीकाठच्या स्वान हंटरकडून.

इथे पूर्वपक्ष म्हणेल, मग सरकारी धोरणाचे काय? धोरण होतेच, ते नाकारण्याचा माझा हेतू नाही. किनारी वाहतूक भारतीय जहाजांसाठी राखून ठेवण्याचे कायदेमंडळातले सभासद हाजी यांचे विधेयक 1928 साली मांडले गेले आणि त्याचा कायदा कधी झाला नाही. पण धोरणाची कुऱ्हाड गोदीवर पडली त्याहून जोरात ती गोदीच्या मुळांवर पडली. ज्यांना मागणी मिळायला हवी होती ते ओतारी आणि यंत्रकार उभेच राहू दिले नाहीत. ही मुळे समुद्रापासून दूर कोणी रुजवली, हे पाहायचे तर घाट चढावा लागतो.

1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानात, कुंडल रोड स्टेशनाशेजारच्या माळावर कारखाना मांडला. आज ती किर्लोस्करवाडी सांगली जिल्ह्यात आहे. लोखंडी नांगराने जमिनीत विष कालवले जाते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. ती घालवण्यात त्यांची बरीच शक्ती गेली. पहिल्या महायुद्धात कच्चे लोखंड मिळेना, तेव्हा शाहू महाराजांनी गडावरच्या जुन्या तोफा वितळवायला दिल्या. नांगरामागून पंप आले. 1922 साली सातारा रोडला धनजीशा कूपरांचा कारखाना निघाला, आणि पुढच्या दशकात तिथे डिझेल इंजिने होऊ लागली. यांतले काहीच युद्धासाठी नव्हते. पण ओतकाम, यंत्रण, मापातला काटेकोरपणा हे नांगराला लागते आणि नौकेलाही. आणि पंपांवाचून तर कोणतीच नौका तरंगत राहत नाही.

हे वालचंद हिराचंदांइतके कोणाला कळले असेल असे मला वाटत नाही. त्यांच्या सिंदिया कंपनीचे पहिले जहाज ‘लॉयल्टी’ 5 एप्रिल 1919 रोजी मुंबईहून लंडनला निघाले. योगायोग असा की तेही मुळात बॅरोलाच बांधलेले. कंपनीच्या विशाखापट्टणमच्या गोदीची पायाभरणी 21 जून 1941 रोजी राजेंद्रप्रसादांच्या हस्ते झाली, आणि त्याच सुमारास सातारा रोडचा कूपर कारखाना वालचंदांच्या समूहात आला. चरित्रकार या दोन गोष्टी वेगवेगळ्या प्रकरणांत घालतात. मला त्या एकाच माणसाच्या एकाच हिशेबातल्या वाटतात: किनाऱ्यावर गोदी, घाटमाथ्यावर इंजिन. 6 एप्रिल 1942 ला विशाखापट्टणमवर जपानी बाँब पडले, काम थांबले, आणि ‘जल उषा’ पाण्यात उतरायला 14 मार्च 1948 उजाडला. ती व्यापारी बोट होती, युद्धनौका नव्हे.

‘निलगिरी’लाही वाडियांचा धागा जोडणे अवघड आहे. तिचा आराखडा ब्रिटिश लिअँडर जातीचा; मदत व्हिकर्स आणि यॅरोची. ती ‘कोंगो’च्या बहिणींची नातलग आहे, ‘त्रिंकोमाली’ची नाही.

आणि अलीकडची ‘विक्रांत’? कोचीला समुद्र होता, गोदी होती, कारागीर होते. काम आधी अडले ते रशियाकडून पोलाद मिळेना म्हणून, आणि पुढे गिअरबॉक्स वेळेवर आले नाहीत म्हणून. ते पोलाद अखेर बनले भिलाई, बोकारो आणि राउरकेल्याला. तिन्ही ठिकाणांहून समुद्र दिसत नाही.