भिंतीतली विझलेली शेगडी

विलायतेत जुने घर घेणाऱ्यापुढे रंगरंगोटीच्या वेळी एक प्रश्न हमखास येतो. बैठकीच्या खोलीत भिंतीच्या मधोमध विटांचा एक भाग पुढे आलेला असतो. त्याच्या पोटात लोखंडी जाळी, वर संगमरवराची नाहीतर लाकडाची फळी. ही फायरप्लेस, म्हणजे भिंतीतली शेगडी. तिच्यात कित्येक वर्षांत विस्तव पडलेला नाही. घर उबदार राहते ते रेडिएटरमुळे. मग सोफ्याला हात-दीड हात जागा मिळत असेल, तर ही अडगळ काढून का टाकू नये? प्रश्न गवंड्याला विचारण्याजोगा वाटतो खरा. पण त्यामागे साडेचारशे वर्षांचा इतिहास आहे.

सामान्य इंग्रज माणसाच्या घरात पूर्वी विस्तव जमिनीवरच पेटे आणि धूर छपरातून वाट काढी. विल्यम हॅरिसन या धर्मोपदेशकाने १५७७ साली लिहून ठेवले आहे, की गावात एकाएकी उभी राहिलेली इतकी धुराडी पाहून म्हाताऱ्या माणसांना नवल वाटत होते. धुराडे ही तेव्हा नवी सुधारणा होती.

आपल्याकडे 'चूल वेगळी झाली' म्हटले, की घर वेगळे झाले हे निराळे सांगावे लागत नाही. इंग्लंडच्या सरकारनेही हीच खूण धरली. दुसऱ्या चार्ल्सच्या राज्यात, १६६२ साली, दर शेगडीमागे वर्षाला २ शिलिंग कर बसला. गरिबांना सूट होती. पण शेगड्या मोजायला सरकारी माणूस थेट घरात शिरे, याचा लोकांना भारी संताप. ऑक्सफर्डशायरमधल्या चर्चिल गावात १६८४ साली मोठी आग लागली. कर चुकवण्यासाठी एका पाववालीने भिंत फोडून आपल्या भट्टीचा धूर शेजाऱ्याच्या धुराड्यात सोडला होता, त्यातून ही आग लागली असे सांगतात. २० घरे खाक झाली, ४ माणसे दगावली. १६८९ साली तो कर रद्द झाला. त्याच्या याद्या मात्र उरल्या. कोणत्या गावात किती घरे होती, कोण सधन, कोण गरीब, हे ताडण्यासाठी इतिहासकार आज त्याच याद्या चाळतात.

जुनी शेगडी बदलावी की ठेवावी, हा प्रश्नही आजचा नव्हे. १७९०च्या दशकात काउंट रम्फर्ड यांनी उथळ, तिरप्या बाजूंची शेगडी सुचवली. तिने धूर कमी झाला आणि ऊब खोलीत अधिक येऊ लागली. जेन ऑस्टिनच्या 'नॉर्दँगर अॅबी' या कादंबरीतली नायिका जुन्या मठात ऐसपैस, कोरीव शेगडी दिसेल म्हणून उत्सुकतेने जाते. तर तिथे नव्या फॅशनची रम्फर्ड शेगडी बसवलेली! तिचा हिरमोड होतो. ही कादंबरी १८१७च्या अखेरीस छापून आली. म्हणजे नूतनीकरणात जुने हरवते ही हळहळ दोनशे वर्षांपूर्वीचीच.

पण ही हळहळ करताना एक गोष्ट विसरता कामा नये. कोळशाच्या शेगडीचे धुराडे अरुंद असे, बहुधा ९ इंच बाय १४ इंच. त्यातली काजळी खरवडायला लहान मुलांना आत चढवत. १७८८च्या कायद्याने वयाची अट घातली ती ८ वर्षांची, आणि तीही कोणी फारशी पाळली नाही. विल्यम ब्लेकने या मुलांवर एकाच नावाच्या दोन कविता लिहिल्या. पहिली १७८९ची, दुसरी १७९४ची. कवीला जे दिसले ते कायद्याला पुरते दिसायला १८७५ साल उजाडले. त्या वर्षी फेब्रुवारीत केंब्रिजजवळच्या फुलबर्न इथे जॉर्ज ब्रूस्टर हा ११ वर्षांचा मुलगा धुराड्यात अडकून मेला. त्यानंतर लॉर्ड शाफ्ट्सबरी यांच्या प्रयत्नाने जो कायदा झाला, त्यात पोलिसांकडून परवाना सक्तीचा झाला आणि ही प्रथा मोडली.

शेगडी विझवली ती मात्र धुराने. ५ ते ९ डिसेंबर १९५२ या पाच दिवसांत लंडनवर काळे धुके साचले. घरोघरच्या शेगड्यांचा धूर त्यात मोठा होता. बळींचा पहिला अंदाज ४,००० होता. पुढच्या अभ्यासांनी तो १२,०००पर्यंत नेला. १९५६ साली स्वच्छ हवेचा कायदा आला. पुढे घरोघर गॅस आला, नळांतून फिरणारे गरम पाणी आले. १९६२ साली बॅरी बकनेल यांनी बीबीसीवर ईलिंगमधले एक पडीक घर दुरुस्त करून दाखवले. जुन्या शेगड्या आणि नक्षीचे दरवाजे हार्डबोर्डने झाकण्याची त्यांची युक्ती लोकांनी उचलली. पुढच्या पिढीने या झाकपाकीला नावे ठेवली. पण झाकलेली शेगडी फळीमागे शाबूत राहिली. ज्यांनी ती पाडली, त्यांची कायमची गेली.

म्हणून आजच्या घरमालकाला माझे सांगणे असे. ही शेगडी पवित्र मानायचे कारण नाही. ती पुन्हा पेटवण्याचा आग्रहही नको. इंग्लंडने घरगुती कोळशाची विक्री २०२१ ते २०२३ या काळात टप्प्याटप्प्याने बंद केली, ते योग्यच झाले. पण पाडण्यापूर्वी थोडे थांबावे. पुढे आलेला तो विटांचा भाग नुसती शोभा नसतो. वरच्या मजल्यावरच्या आणि छपरावरच्या धुराड्याचे ओझे त्याच्यावर असते. तो काढायचा तर आधाराला लोखंडी तुळई लागते, बांधकाम खात्याची मंजुरी लागते. भिंत शेजाऱ्याशी सामाईक असेल तर १९९६च्या कायद्याप्रमाणे त्याला नोटीस द्यावी लागते. त्यापेक्षा शेगडी झाकणे सोपे. मात्र झाकताना हवेसाठी जाळी ठेवावी आणि धुराड्याच्या तोंडावर हवा खेळेल असे टोपण बसवावे, नाहीतर भिंतीला ओल धरते.

झाकलेले पुढच्या माणसाला उघडता येते. पाडलेले जोडता येत नाही. आणि घर विकायची वेळ आली, तर घेणाऱ्याला फळीमागे काय आहे ते जरूर सांगावे. ठेवायचे की काढायचे, हे मग त्याचे त्याला ठरवू द्यावे.