कॅसेट बदलून मिळेल

शनवारा दरवाजातून आत शिरा आणि आधी डोक्यावर रुमाल घ्या. मे महिन्यातली दुपार आहे. वरून ऊन पडतंय, खालून डांबर तापलंय आणि स्लिपरचा तळ पावलागणिक चिकटून मग सुटतोय. सालाची चौकशी करू नका. नव्वदच्या दशकातला मधलाच एखादा उन्हाळा समजा. बुऱ्हाणपूर अजून स्वतंत्र जिल्हा झालेलं नाही, सरकारी कामाला लोक खंडव्याला जातात. तुम्हाला त्याचं काही नाही. तुमचं वय अकरा आहे, परीक्षा संपली आहे आणि शर्टाच्या आत, पोटाशी, तुम्ही एक कॅसेट दडवली आहे.

गाण्यांची नाही, व्हिडिओ गेमची. पिवळ्या प्लास्टिकची, तळहाताएवढी, एका कडेने उघडी. घामाने तिची कड पोटाला रुतते आहे, पण हातात धरली तर वाटेत चार जण विचारणार, ‘कौन सी है?’ म्हणून ती आतच बरी. निघताना ओट्यावरून आजी ओरडलीच होती, ‘उन्हाचं बाहेर पाऊल टाकशील तर बघ, लू लागंल!’ तिचा डोळा लागेपर्यंत तुम्ही थांबलात आणि कडी न वाजवता सटकलात.

आता डावीकडची गल्ली धरा. इथली घरं दिसायच्या आधी ऐकू येतात. खालच्या मजल्यावर पॉवरलूम, वरच्या मजल्यावर संसार. खटाखट, खटाखट, खटाखट, एका घरातून दुसऱ्या घरात, गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. भिंतीला हात टेकवून बघा, चुना तळव्याखाली थरथरतो. उघड्या दारातून सुताची पांढरी कुसं उडतात आणि पापण्यांवर, ओठांवर बसतात. सुताला लावलेल्या कांजीचा आंबूस वास नाकात शिरतो. बनियन-लुंगीतला कारागीर तुमच्याकडे न बघता तुटलेला धागा जोडतो, बोटं इतकी भरभर चालतात की गाठ कधी पडली ते कळत नाही. इथं दोन माणसं एकमेकांशी ओरडूनच बोलतात. बाहेरगावच्या पाहुण्याला वाटतं भांडण चाललंय.

चौकात आलात की आवाज मागे पडतो आणि वास बदलतो. माव्याची जिलबी तळली जाते आहे, जाड, काळपट, तुपात बुडालेली. शेजारी उलट्या कढईवर मांडा पसरतोय, मांडेवाला तो दोन्ही हातांवर फिरवत इतका मोठा करतो की त्याच्या आड त्याचं तोंड झाकून जातं. केळीचे घड लादलेली गाडी सायकलवाल्यांना हॉर्न देत घुसते. घरात मराठी, गल्लीत हिंदी, पेढीवर गुजराती, मशिदीजवळ उर्दू, आणि तुम्ही या चारही भाषांत कॅसेट मागू शकता, कारण कॅसेटला चारही भाषांत कॅसेटच म्हणतात.

दुकान आलं. खरं तर ते टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे. टेबलफॅन नुसती गरम हवा इकडची तिकडे करतो आहे. सोल्डरिंगच्या तापल्या टोकावर राळ जळतेय, तिचा धूर घशात बसतो. उघड्या पोटाचे टीव्ही भिंतीला लावून ठेवलेत. काउंटरच्या काचेखाली कॅसेटी मांडल्या आहेत: पिवळ्या, काळ्या, निळ्या, लाल. वर पुठ्ठ्यावर हाताने हिंदीत लिहिलंय की कॅसेट बदलून मिळेल. आणि काचेला कपाळ टेकवून आठ-दहा पोरं उभी आहेत. रांग वगैरे काही नाही. कोपराने वाट काढा.

‘कौन सी लाया?’ चाचा मान वर न करता विचारतात.

‘कोन्ट्रा.’

शेजारची सगळी कपाळं काचेवरून उचलली जातात. कोन्ट्रा! कॅसेट एका हातातून दुसऱ्या हातात जाते, तिथून तिसऱ्या. एक जण उघड्या कडेत डोकावून सोनेरी पिना तपासतो. दुसरा फुंकर मारतो. फुंकर मारू नका असं निन्टेंडो कंपनी स्वतः सांगत असते, कारण श्वासातल्या ओलीने पिना गंजतात. पण फुंकर मारल्यावर गेम चालू झालेला सगळ्यांनी पाहिलेला आहे, आणि अकराव्या वर्षी याहून मोठा पुरावा लागत नाही.

आता तिची पाठ बघा, जरा जवळून. स्टिकर अर्धं सोललंय आणि त्यावरचं चित्र भलत्याच खेळाचं आहे. त्याखाली प्लास्टिकवर कर्कटकाने कोरलेली अक्षरं आहेत. ‘आर.’ कोरलंय आणि त्यावर आडवी रेघ. मग ‘इमू’, त्यावरही रेघ. मग नुसतं एक इंग्रजी एस. मग तुमचं नाव, गेल्या रविवारी कोरलेलं, कडा अजून पांढऱ्या. या चौघांची एकमेकांशी ओळख नाही. त्यांच्या घरांची वळणं वेगळी, देव वेगळे, शाळा वेगळ्या, पण चौघांनीही खेळातल्या त्याच पुलावर उडी मारली आहे आणि पूल पायाखाली फुटताना तोच श्वास रोखला आहे. आज संध्याकाळपर्यंत तुमच्या नावावरही रेघ पडेल. वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही ती देणार तेव्हाच तर दुसरी मिळणार.

चाचा कॅसेट काळ्या-पांढऱ्या टीव्हीला जोडलेल्या मशीनमध्ये खुपसतात. पडद्यावर मुंग्या, मग आडव्या पट्ट्या, मग ते संगीत. पोरं एका सुरात कोड म्हणतात: वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए. तीस चान्स! हा कोड इथं कोणी छापलेला वाचलेला नाही. तो कुणाच्या तरी मुंबईच्या मावसभावाकडून भुसावळला आला, तिथून रावेर आणि मग गाडीच्या जनरल डब्यातून इथं. चाचा मान हलवतात. चालू आहे. ‘बदल के क्या लेगा?’ वर दहा-वीस रुपये टाकायचे. तुम्ही पाच कमी करायला बघता, ते ऐकत नाहीत, तुम्ही जायचं नाटक करता, तेवढ्यात मागून कोणीतरी शर्ट ओढतं. एक पोरगी. तिच्याकडे अ‍ॅडव्हेंचर आयलंड आहे, इथं त्याला सगळे ‘आयलंडर’ म्हणतात. ‘मेरी ले, तेरी दे. सोमवार को वापस.’ पैसे नाहीत, पावती नाही. चाचांसमोर, चाचांच्याच ओट्यावर सौदा होतो आणि चाचा काही म्हणत नाहीत. पोरं ओट्यावर आहेत म्हणून दुकान चालतं, हे त्यांना पक्कं कळतं.

इथं क्षणभर थांबा, तुमच्या कानात एक गोष्ट सांगायची आहे. ही कॅसेट कुठल्याही घरच्या मशीनमध्ये चालते, मग ते मीडिया कंपनीचं असो किंवा नाव नसलेलं. असं का? या सगळ्या यंत्रांचं मूळ निन्टेंडोचं जपानी फॅमिकॉम, 1983 सालचं. त्यात कुलूप नव्हतं. अमेरिकेसाठी 1985 मध्ये तेच यंत्र नव्या पेटीत आलं तेव्हा निन्टेंडोने आत एक चिप बसवली आणि तिची जोडीदार प्रत्येक अधिकृत कॅसेटमध्ये. दोघींची खूण पटली नाही तर यंत्र दर सेकंदाला स्वतःलाच रिसेट करत बसायचं. तुमच्या गल्लीत आलं ते बिनकुलपाच्या वंशातलं. हेही सांगायला हवं की यातली बहुतेक यंत्रं आणि कॅसेटी नकला होत्या. ज्या माणसांनी ते खेळ घडवले त्यांच्या हाती बुऱ्हाणपूरचा रुपया पोचला नाही, आणि ते चूकच होतं. पण नक्कल करणं एक आणि पैसे मोजून घेतलेली वस्तू दुसऱ्याला देणं वेगळं. अमेरिकेतलं कुलूपसुद्धा परवान्याशिवाय कॅसेट बनवणाऱ्यांसाठी होतं. अस्सल कॅसेट मित्राला द्यायला तिथंही कोणी आडवं येत नव्हतं.

चला घरी. आजी उठली आहे, आणि तिने काही न विचारता माठातलं पाणी पुढे केलं आहे. काकांच्या खोलीतला टीव्ही, अँटेनाच्या जागी गेमची वायर, आवाज बारीक. अ‍ॅडॉप्टर इतका तापलाय की बोट टिकत नाही. जमिनीवर बसा, थंड फरशी मांड्यांना बरी वाटते. उजव्या अंगठ्याला बटणाने पडलेला घट्टा आहे, तो पुन्हा दुखायला लागतो. एक चान्स तुमचा, एक धाकट्या बहिणीचा, एक शेजारच्याचा, आणि दारात उभी राहून फक्त बघणारी तीन पोरं, ज्यांच्याकडे टीव्हीसुद्धा नाही. खेळ सेव्ह होत नाही. सातव्या स्टेजला मेलात तर पुन्हा पहिल्यापासून.

आणि मग एकाएकी गल्ली गप्प होते. लूम थांबतात. पडद्याकडे बघायची गरजच नाही. लाइट गेली! हातपंखे निघतात, मोठी माणसं अंगणात येतात, पोरांचा एकच गलका. कॅसेट काढून घ्या, अजून गरम आहे. शेजारचा म्हणतो, ‘आज रात को मैं ले जाऊं?’ लाइट येईपर्यंत ती त्याच्या घरी गेलेलीसुद्धा असते.

आता उडी मारायची आहे, हात घट्ट धरा. जून 2013, अमेरिका. उकाडा नाही, एसीची हवा आहे. मायक्रोसॉफ्टने आपल्या नव्या एक्सबॉक्स वनचे नियम जाहीर केले आहेत. डिस्क विकत घ्या, पण खेळ तुमच्या खात्याला बांधला जाईल. यंत्राने 24 तासांतून एकदा इंटरनेटवर हजेरी लावायची, नाहीतर खेळ बंद. दुसऱ्याच्या यंत्रावर खेळत असाल तर दर तासाला. मित्राला खेळ द्यायचाय? तो तुमच्या मित्रयादीत किमान 30 दिवस असला पाहिजे, आणि प्रत्येक खेळ एकदाच देता येईल. उसना देणं, भाड्याने देणं सुरुवातीला नाहीच. जुना विकायचा तर ठरलेल्या दुकानातच, तेही खेळ काढणारी कंपनी हो म्हणाली तर. घरातल्या दहा जणांत खेळ वाटण्याची एक सोय होती, ती चांगलीही होती. पण ज्या 21 देशांत हे यंत्र आधी येणार होतं त्यांत भारत नव्हता. आणि ज्यांच्याकडे इंटरनेट नाही त्यांनी काय करायचं, यावर एक्सबॉक्सचे प्रमुख डॉन मॅट्रिक यांचं उत्तर होतं की त्यांच्यासाठी आमचं जुनं एक्सबॉक्स 360 आहेच.

हे नियम घेऊन चाचांच्या ओट्यावर परत या. काचेवरून कपाळं उचलू नका, फक्त ऐका. ‘सोमवार को वापस’ म्हणणारी पोरगी तुमच्या यादीत 30 दिवस नव्हती. तुम्ही तिला आज पहिल्यांदा पाहिलंत. ‘आर.’ने कॅसेट इमूला एकदा दिली की इमूला ती पुढे देताच आली नसती, म्हणजे तुमचं नाव कोरलंच गेलं नसतं. लूम थांबले, लाइट दुसऱ्या संध्याकाळपर्यंत आली नाही, तर हजेरी चुकलेली आणि खेळ बंद. दारात उभी राहून बघणारी तीन पोरं बघतच राहिली असती, कारण त्यांच्यापर्यंत खेळ पोचला तो चौथ्या-पाचव्या हाताने, प्रत्येक हातात थोडा स्वस्त होत. लहान गावातल्या मुलाला नवी वस्तू कधीच परवडत नाही. त्याला वापरलेली परवडते. त्याच्या बालपणाचा सगळा कारभार या एका गोष्टीवर उभा असतो, आणि एका कंपनीच्या सभागृहात तीच काढून घ्यायचं ठरत होतं.

तिथं लॉस एंजेलिसमध्येही लोक चिडले होते. 10 जूनला सोनीच्या मंचावरून जाहीर झालं की प्लेस्टेशन 4 वर वापरलेले खेळ चालतील, विकता येतील, मित्राला देता येतील, इंटरनेटची हजेरी नाही. भरलेलं सभागृह ओरडलं, टाळ्या थांबेनात. सोनीने एक छोटी चित्रफीतही काढली: एक माणूस खेळाची डबी दुसऱ्याच्या हातात देतो, दुसरा आभार मानतो, संपलं. जगभर लोकांनी ती पुन्हा पुन्हा पाहिली. बुऱ्हाणपूरच्या ओट्यावर रोज होणारी गोष्ट जगाला तेव्हा बातमी वाटली. 19 जूनला मायक्रोसॉफ्टने नियम मागे घेतले. गिऱ्हाइकांनी ‘आम्ही घेणार नाही’ म्हटलं, एवढंच त्याला पुरलं.

पण कुलूप दुसऱ्या दाराने आलं. 2019 पासून एक्सबॉक्सची आणि 2020 पासून प्लेस्टेशन 5 ची अशी यंत्रं मिळतात ज्यांना डिस्क घालायला फटच नाही. त्यावर घेतलेला खेळ कुणाच्या हातात देता येत नाही, कारण हातात धरण्यासारखं काही उरलेलंच नाही. युबिसॉफ्टचा ‘द क्रू’ हा गाड्यांचा खेळ लोकांनी डिस्कवर घेतला होता. कंपनीने 31 मार्च 2024 रोजी सर्व्हर बंद केले आणि घरातली डिस्क एकट्याने खेळायलाही निकामी झाली. कॅलिफोर्नियात 2025 पासून कायदाच आहे: ग्राहकाला फक्त परवाना मिळणार असेल तर विक्रेत्याने ते स्पष्ट सांगितल्याशिवाय ‘विकत घ्या’ असं लिहू नये. आपल्याकडेही अशा पाटीची गरज आहे.

आता वर्तमानात या, शर्ट झटका, सूत निघून जाईल. पुढच्या वेळी मुलासाठी खेळ घ्यायला जाल तेव्हा पैसे काढण्याआधी दोन गोष्टी विचारा: इंटरनेट नसताना हा चालतो का, आणि कंटाळा आल्यावर दुसऱ्याला देता येतो का. दोन्हींची उत्तरं ‘नाही’ आली तर पूर्ण किंमत देऊ नका. जमेल तिथं डिस्कचं यंत्र घ्या, आणि खेळून झालेली डिस्क कपाटात ठेवू नका, शेजारच्या पोराला द्या.