'बॉक्स गेला' म्हणण्याआधी : ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या निदानाचा इतिहास

आज आपण ज्या विषयाकडे वळतो आहोत, तो इतिहासाच्या पुस्तकात सहसा सापडत नाही. तो सापडतो रस्त्याकडेच्या गॅरेजात. पुणे-नगर रस्त्यावरचं शिरूर, पुणे-सोलापूर लोहमार्गावरचं दौंड, आणि मधला न्हावरे-चौफुल्याचा रस्ता, एवढा पट्टा डोळ्यापुढे आणू. समजा, पुण्यात बारा-पंधरा वर्षं चाललेली एक ऑटोमॅटिक गाडी इथे तिसऱ्या हाती आली. एके दिवशी रेस वाढते, पण गाडी पळत नाही. लगेच निकाल लागतो, "बॉक्स गेला." खर्च गाडीच्या किमतीएवढा सांगितला जातो आणि गाडी भंगाराच्या वाटेला लागते. हा निकाल इतक्या घाईने का लागतो, हा आपला आजचा प्रश्न.

सुरुवात मोटारीपासून नाही, जहाजापासून करावी लागते. जर्मन अभियंता हर्मान फ्योटिंगर याने १९०५ मध्ये एका यंत्राचं पेटंट घेतलं. कल्पना अशी, की दोन पंखे समोरासमोर ठेवायचे आणि मध्ये तेल भरायचं. एक फिरला की तेलाच्या झोताने दुसरा फिरतो. परतणारं तेल योग्य दिशेला वळवणारं तिसरं चाक मध्ये बसवलं की जोरही वाढतो. हाच टॉर्क कन्व्हर्टर. जहाजाच्या वेगवान टर्बाइनचा जोर सावकाश फिरणाऱ्या पंख्याला द्यायचा, एवढाच तेव्हाचा हेतू होता. पुढे १९४० च्या मॉडेलसाठी अमेरिकेत ओल्ड्समोबिलने 'हायड्रामॅटिक' गिअरबॉक्स आणला. त्यात तेलाची साधी जोडणी होती. १९४८ च्या सुमारास ब्यूकच्या 'डायनाफ्लो'त टॉर्क कन्व्हर्टर आला.

आता दौंडकरांच्या जिव्हाळ्याची गोष्ट. १८७८ मध्ये दौंड-मनमाड मार्ग सुरू झाला, तेव्हापासून हे गाव रेल्वेचं. आपल्या रेल्वेतही हे तेलाचं तत्त्व आलं. रेल्वेतले अभियंते मनमोहन सुरी यांनी द्रव आणि यांत्रिक जोड असलेलं 'सुरी ट्रान्समिशन' रचलं. चित्तरंजन कारखान्यात बनलेल्या डब्ल्यूडीएस-४ या शंटिंग इंजिनांत ते बसलं. म्हणजे रस्त्यावरचा आपला फिटर ज्याला नवखं समजत होता, ते तत्त्व रुळावर कामाला लागलं होतं.

मग रस्त्यावर ते उशिरा का आलं? कारण कित्येक दशकं आपल्या रस्त्यांवर अँबॅसिडर आणि कुर्ल्याला बनणारी प्रीमियर पद्मिनी, दोन्ही हाती गिअरच्या. आपल्या मेस्त्रींचं ज्ञान त्यावर घडलं, आणि ते अस्सल ज्ञान होतं. बेअरिंगची घरघर कानाने ओळखायची, क्लचप्लेट घसरते हे चढावर समजायचं, मग बॉक्स उतरवायचा आणि झिजलेला दात डोळ्याने बघायचा. थोडक्यात, उघडलं की कळतं.

ऑटोमॅटिकमध्ये नेमकं उलटं आहे. तिथला मुख्य पुरावा म्हणजे तेलाचा दाब, उष्णता आणि गिअर पडण्याची वेळ. हा पुरावा गाडी चालू असतानाच हाती लागतो. बॉक्स उघडला की जळालेली क्लचप्लेट दिसेल, पण ती का जळाली हे सांगणारा दाब तोवर गेलेला असतो. नव्वदच्या दशकात झेन, एस्टीम अशा गाड्यांत ऑटोमॅटिक मिळू लागलं, ते आधी शहरांत. तालुक्यात गाडी पोचली, पण तिला तपासायची रीत मागे राहिली.

ती रीत काय होती, ते बघू. पहिली पायरी तेलाची पट्टी. बहुतेक गाड्यांत इंजिन गरम आणि चालू, गाडी सपाटीवर 'पी'मध्ये. होंडात मात्र इंजिन बंद करून बघतात. चांगलं तेल सहसा लाल आणि पारदर्शक. तपकिरी रंग आणि जळका वास आला, तर आतल्या क्लचप्लेटी जळताहेत. दुधट गुलाबी दिसलं, तर रेडिएटरमधला कूलर फुटून पाणी आत शिरलंय. सगळ्याच गिअरांत घसरत असेल, तर कमी तेल, तुंबलेला फिल्टर किंवा पंप यांच्यावर संशय. एकाच गिअरात घसरत असेल, तर त्या गिअरच्या क्लचवर किंवा पट्ट्यावर.

दुसरी पायरी केबलची. जुन्या बॉक्सना ॲक्सिलरेटरची खबर एका केबलने मिळते. ती ढिली किंवा ताणलेली असली, तरी गिअर अवेळी पडतात आणि गाडी झटके देते. तिसरी स्टॉल टेस्ट. ब्रेक घट्ट दाबून 'डी'मध्ये पूर्ण रेस द्यायची, पाच सेकंदांच्या आत सोडायची, समोर कुणी उभं राहायचं नाही. आरपीएम पुस्तकातल्यापेक्षा जास्त गेलं तर क्लच घसरतोय. कमी राहिलं तर इंजिन अशक्त आहे किंवा कन्व्हर्टरमधलं ते तिसरं चाक बिघडलंय. मग प्रेशर गेज लावून दाब मोजायचा. बॉक्स उतरवायचा तो या सगळ्यानंतर.

विजेवर चालणारे बॉक्स आल्यावर दिव्यांची भाषा आली. होंडाच्या जुन्या गाड्यांत 'डी४'चा दिवा लुकलुकायचा, आणि मेस्त्री ते लुकलुकणं मोजून दोष ओळखायचा. पुढे भारत स्टेज ४ बरोबर ओबीडी आलं. २०१३ पासून त्याचा दुसरा टप्पा लागू झाला आणि स्कॅनर घरोघरी नसला, तरी गॅरेजोगॅरेजी आला. पण स्कॅनर कोड सांगतो, कारण सांगत नाही. सोलेनॉइडचा कोड आला, तरी कधी दोष गंजलेल्या पिनचा निघतो, कधी उंदराने कुरतडलेल्या वायरचा.

शिरूर तालुक्यातल्या रांजणगावच्या कारखान्यात २०१७ पासून जीप कंपास तयार होऊ लागली, सुरुवातीला दुहेरी क्लचच्या ऑटोमॅटिक बॉक्ससहसुद्धा. म्हणजे आपला तालुका अशा गाड्या घडवतो. त्याच रस्त्यावर जुन्या गाडीला न तपासता 'गेला' म्हणणं शोभत नाही. यात मालकाचे पैसे जातात, आणि मेस्त्रीच्या हातचं कामही जातं. आपल्या जुन्या मेस्त्रींचा कान आणि नाक अजून उपयोगी आहेत. फक्त पाना उचलण्याआधी ते वापरायला हवेत.

इथे थांबू या. तुमचे प्रश्न असतील तर जरूर विचारा.