पत्ता कोणता आणि संख्या कोणती?

६ मे १९४९ रोजी केंब्रिज विद्यापीठाच्या गणित प्रयोगशाळेत एडसॅक या संगणकाने आपली पहिली आज्ञावली चालवली आणि ० ते ९९ या संख्यांचे वर्ग छापून दिले. पुढच्या महिन्यातच त्याचे निर्माते मॉरिस विल्क्स यांना कळून चुकले, की यापुढे आपल्या आयुष्याचा बराच काळ स्वतःच्याच आज्ञावल्यांतील चुका शोधण्यात जाणार. एका समीकरणासाठी त्यांनी लिहिलेल्या १२६ आज्ञांमध्ये सुमारे वीस चुका होत्या. हा आकडा आम्हाला फार बोलका वाटतो.

चुका कमी करण्याचा सरळ उपाय म्हणजे एकदा तपासून पक्का झालेला भाग पुन्हा पुन्हा वापरणे. उदाहरणार्थ, वर्गमूळ काढण्याची उपआज्ञावली एकदाच लिहायची, कागदी फितीवर भोके पाडून कपाटात ठेवायची आणि गरज पडेल तेव्हा तिची यंत्राने नक्कल करून नव्या फितीत घालायची. केंब्रिजमध्ये असे कपाट खरोखरच होते. १९५१ पर्यंत त्यात ८७ उपआज्ञावल्या जमल्या होत्या.

पण यात एक मेख आहे. संगणकाची स्मृती म्हणजे क्रमांक घातलेल्या कप्प्यांची रांग. उपआज्ञावली लिहिताना आपण तिचा पहिला कप्पा ० धरतो. समजा, तिच्यात 'कप्पा ५ मधील संख्या मिळव' अशी आज्ञा आहे. प्रत्यक्षात ती स्मृतीत १०० व्या कप्प्यापासून ठेवली गेली, तर हा ५ बदलून १०५ व्हायला हवा. त्याच उपआज्ञावलीत दुसरा एखादा ५ असेल, तो सर्वांनी मिळून ठरवलेल्या कायमच्या कप्प्याचा. तो मात्र बदलता कामा नये. आता गंमत अशी, की यंत्राच्या दृष्टीने हे दोन्ही पाच अगदी सारखे. नुसत्या संख्येकडे पाहून ती हलवायची की नाही हे सांगता येत नाही. ते फक्त लिहिणाऱ्याला ठाऊक असते.

उपआज्ञावली वापरण्यापूर्वी तिच्यातील पत्ते बदलणारी वेगळी आज्ञावली चालवावी, असे गोल्डस्टाइन आणि फॉन नॉयमन यांनी १९४८ मध्येच मांडले होते. पण हे काम सहजसोपे केले ते विल्क्स यांच्याकडे संशोधन करणाऱ्या बावीस वर्षांच्या डेव्हिड व्हीलरने. फितीवरच्या प्रत्येक आज्ञेच्या शेवटी त्याने एक खुणेचे अक्षर ठेवले. एफ असेल तर पत्ता जसाच्या तसा. थीटा असेल तर त्यात उपआज्ञावलीच्या सुरुवातीचा क्रमांक मिळवायचा. फीत वाचता वाचताच ही बेरीज होई. ती करणाऱ्या अवघ्या ४१ आज्ञा टेलिफोन एक्सचेंजमध्ये असत तसल्या फिरत्या स्विचांवर कायमच्या बसवलेल्या होत्या. फीत वाचणे, दशमान संख्यांचे द्विमान रूप करणे, पत्ते बदलणे आणि काम सुरू करून देणे हे सारे एकेचाळीस आज्ञांत! इतके काटकसरीचे लेखन आम्ही फारच थोडे पाहिले आहे.

पुढची कथा थोडक्यात सांगतो. १९५८ च्या फोरट्रान-२ ने उपआज्ञावल्या स्वतंत्रपणे यंत्रभाषेत नेण्याची सोय केली. १९८० च्या दशकाच्या अखेरीस युनिक्ससाठी एल्फ हा साचा आला आणि आज लिनक्सही तोच वापरतो. खूण आता आज्ञेला चिकटलेली नसते. कंपायलरने तयार केलेल्या ऑब्जेक्ट फाइलमध्ये तिची वेगळी यादी असते: बदल कोठे करायचा, कोणत्या नावाच्या पत्त्यावरून, कोणत्या रीतीने आणि वर किती मिळवायचे. तिला रिलोकेशन म्हणतात आणि ते अमलात आणतो तो लिंकर.

लिंकरचा असा भाग तपासणाऱ्याने काय पाहावे? एक उदाहरण घेऊ. पाच बाइटची 'तिकडे जा' ही आज्ञा १००० या पत्त्यावर आहे. तिचा पहिला बाइट आज्ञेचा आणि उरलेले चार अंतराचे, म्हणजे अंतर १००१ पासून लिहायचे. जायचे आहे १५०० वर. प्रोसेसर हे अंतर पुढच्या आज्ञेपासून, म्हणजे १००५ पासून मोजतो. तेव्हा उत्तर ४९५ यायला हवे. लिंकरला मात्र १००१ हीच जागा माहीत असते, म्हणून यादीत 'उणे ४' नोंदवलेले असते: १५०० – ४ – १००१ = ४९५. हे उणे चार विसरले तर ४९९ येते आणि यंत्र १५०४ वर, बहुधा कोणत्यातरी आज्ञेच्या मध्येच, उतरते. काही जुन्या पद्धतींत मिळवायची संख्या यादीत नसून बदलायच्या जागीच लिहिलेली असते. तेथे तोच बदल चुकून दोनदा केला, तर पत्ताही दोनदा मिळवला जातो. शिवाय चार बाइटमध्ये सुमारे दोन अब्ज बाइट मागे-पुढे एवढेच अंतर मावते. त्याहून दूर जायचे असल्यास लिंकरने तक्रार केली पाहिजे. वरचे अंक गुपचूप गाळता कामा नयेत.

सर्वांत फसवी चूक मात्र वेगळीच. समजा, एका पत्त्याला खूण करायची राहिली आणि चाचणीत तो भाग नेमका शून्यापासून ठेवला गेला. शून्य मिळवले काय आणि न मिळवले काय, उत्तर तेच! चाचणी उत्तम पार पडते आणि दोष कपाटात जाऊन बसतो. म्हणून तोच भाग दोन वेगळ्या जागी ठेवून पाहावा आणि बाइट ताडून पाहावेत.

या कल्पनेचा उलटा उपयोगही झाला आहे. १९७९ च्या एमपी/एम या संगणकप्रणालीत एकच आज्ञावली २५६ बाइटच्या फरकाने दोनदा यंत्रभाषेत नेत. दोन प्रतींत जे बाइट वेगळे निघत, तेच पत्त्यांचे. त्यावरून खुणांची यादी आपोआप तयार होई. २५६ चाच फरक का, हा प्रश्न विद्यार्थ्यांना जरूर घालावा. दोन बाइटच्या पत्त्यात २५६ मिळवून पाहिले, की उत्तर त्यांचे त्यांनाच सापडेल.